अकरा वाजताची टोपली

मी टोपली बोलतेय. दोरी बांधून सज्जातून खाली सोडतात ना, तसली टोपली. नेपल्सच्या सानिता पेठेत एका म्हाताऱ्यानं मला लाकडाच्या पातळ पट्ट्यांनी विणलं. नुन्झियाकाकूंनी मला विकत घेतलं तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते.

रोज अकराला चौथ्या मजल्यावरून त्या मला खाली सोडायच्या आणि हाक मारायच्या, "साबातिनो, एक पाव अन् टोमॅटो! कालच्यासारखे पिचके देशील तर बघ!"

खालून वाणी ओरडायचा, "काकू, टोमॅटोवर घालायला तुळस फुकट घ्या, टोमण्यांचे मात्र पैसे पडतील!"

गल्ली हसायची. मी डुलत डुलत वर जायचे.

मग काकूंचे गुडघे गेले. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे तीन महिने त्या खाली उतरल्याच नाहीत. त्यांची मुलगी मिरेल्ला टेकडीवर, व्होमेरोत राहायची. एका रविवारी जेवताना तिनं घर बदलायचा विषय काढलाच.

"आई, तिकडे लिफ्ट आहे, समोर बाग आहे, डॉक्टर खालच्याच मजल्यावर. इथे काय आहे?"

"इथे साबातिनो आहे."

"तो तुला पाठुंगळी घेऊन चार मजले उतरवणार आहे का?"

काकू गुडघे चोळत राहिल्या. मिरेल्लाचं काहीच चुकत नव्हतं, म्हणून मला तिचा धड रागही येईना.

निघायच्या दिवशी साबातिनोनं मला तुळशीनं काठोकाठ भरलं. "वर टेकडीवर ही उगवत नाही म्हणे," तो म्हणाला आणि बराच वेळ त्यानं माझी कडी सोडली नाही.

नव्या घरी सगळं छान होतं. काकू बागेत जाऊन यायच्या, मुकाट्यानं. पण जित्याची खोड! पहिल्याच सोमवारी अकरा वाजता त्यांनी मला खाली सोडलं. खाली बँक, शेजारी चष्म्यांचं दुकान. हाक कुणाला मारणार? नुसती दोरी धरून त्या उभ्या राहिल्या. रस्त्यानं जाणारी एक बाई थांबली, तिनं वर पाहिलं, कळवळली आणि माझ्यात एक नाणं टाकून निघून गेली.

काकूंनी मला वर ओढलं. "भीक घातली गं मला," त्या माझ्याशीच बोलल्या. मग माझ्या कडीची गाठ सोडून दोरी काढून टाकली.

आता माझ्यात औषधं असतात. तुम्ही घर बदलताय? लिफ्ट बघा, बाग बघा. पण त्याआधी एकदा मला खाली सोडून हाक मारून बघा, कुणी ओ देतंय का.

अकरा वाजले की काकूंचा हात अजून माझ्या कडीकडे येतो. तिथेच जरा थांबतो. मग गोळी उचलून परत जातो.