सगळे नग आले का?

“एक हात मोकळा ठेव गं,” आजीने दारातून बजावलं होतं. “पोरं हाताला धरायची असतात.”

“हो आई, ठेवते,” असं म्हणत आईने माझ्या पोटावर गुडघा रोवला आणि कशीबशी माझी चेन लावली. मग एका हातात मला उचललं, दुसऱ्या हातात खाऊची पिशवी घेतली, खांद्याला पाण्याच्या बाटल्या लटकवल्या आणि काखेत छत्र्या मारल्या. आजीला दिलेलं ते ‘हो’ दाराच्या आतच राहिलं.

मित्रांनो, मी एक जुनी बॅग आहे. मला उचलणाऱ्या बाईला घरातली पोरं आई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. आज तुम्ही मला पाहाल तर म्हणाल, ही तर शाळकरी पोराच्या पाठीवर बसेल एवढीशी. पण त्या काळी लपाछपीत घरातला धाकटा पोरगा माझ्यात लपायचा आणि वर चेन लावली तरी बाहेरून कळायचं नाही. मी होतेच तशी ऐसपैस.

गल्लीतल्या शिंप्याने मला दुकानाच्या छपरासाठी आणलेल्या जाड कापडातून शिवलं. “केवढी हवी?” त्याने विचारलं. “सगळ्यांचं सगळं मावलं पाहिजे,” आई म्हणाली. मी तयार झाले तेव्हा तिने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “आता कसली काळजी नाही.” काळजी तर तिला श्वासासारखी होती! थंडी पडली तर? पाऊस आला तर? कुणाला उलटी झाली तर? प्रत्येक ‘तर’साठी माझ्या पोटात एक वस्तू जायची. “लागलं तर?” एवढं म्हटलं की कुणाचं काही चालायचं नाही.

माणसंही काही कमी नव्हती. आई-बाबा, त्यांची थोरली, मधली आणि धाकटा. काका-काकू आणि त्यांची जुळी. शिवाय आजी. काका गोदामात कामाला होते. तिथे खोकी मोजताना ‘किती नग?’ असं विचारतात. ती सवय त्यांच्याबरोबर घरी आली आणि आमच्याकडे प्रत्येक बॅग, प्रत्येक पिशवी म्हणजे ‘नग’ झाली. पुढे एकदा धाकट्याने आजीचा चष्मा फ्रिजमध्ये ठेवला. काका कपाळावर हात मारून म्हणाले, “हा पण एक नगच आहे!” तेव्हापासून पोरंही नग झाली. सगळे हसायचे. मलाही गंमत वाटायची. एकाच शब्दात मी आणि मुलं शेजारी शेजारी बसलो होतो.

या सगळ्या नगांत मधली मात्र गप्प. रडणं नाही, हट्ट नाही. त्यामुळे सामानाची राखण कायम तिच्याकडे. “मधली आहे ना सामानापाशी!” असं म्हणून सगळे निर्धास्त पांगायचे. ती माझ्यावर बसायची, पाय हलवायची आणि माझ्या शिवणीवरून बोट फिरवत हळू आवाजात गाणं म्हणायची. तिचं वजन मला ओळखीचं झालं होतं.

आजीने दारातून बजावलं, त्या दिवशी आत्याच्या गावाला जायचं होतं. वाटेत गाडी बदलायची होती. थांब्यावर गर्दी उसळलेली. माझ्यात मावलं नाही म्हणून चादरींचं एक गाठोडं वेगळं बांधलं होतं, तेही ‘लागलं तर’मधलंच. आईने ते एका खांबामागे टेकवलं आणि मधलीला सांगितलं, “इथे उभी राहा. मी आल्याशिवाय हलायचं नाही हं.”

तेवढ्यात गाडी आली आणि एकच झुंबड उडाली. बाबांनी धाकट्याला खिडकीतून आत दिला. काकूने जुळ्यांना पुढे ढकललं. आईने मला ओढत पायऱ्या चढवल्या, खाली उतरून दुसरी बॅग आणली, मग तिसरी. घामाघूम झाली बिचारी. गाडीच्या पुढच्या टोकाकडून काका ओरडले, “वहिनी, सगळे नग आले का?”

काका पोरांविषयी विचारत होते. आईचा हात माझ्यावर होता. तिने आम्हा बॅगांवरून नजर फिरवली आणि ओरडली, “आले, आले! चला!”

गाडी सुटली.

मित्रांनो, मी दोन बाकांमधल्या वाटेत होते. माझ्यावर कुणीच बसलेलं नव्हतं. एरवी मधली तिथे असायची. ते रिकामपण मला जाणवत होतं, पण बॅगेला कुठे तोंड असतं!

खिडकीतून वारा आला. आईने माझी चेन उघडली, लाल स्वेटर काढला आणि न बघताच हात पुढे केला. “मधले, हा घाल बघू.”

स्वेटर तसाच हवेत राहिला.

“ती काकांकडे असेल,” धाकटा म्हणाला.

“आमच्याकडे कुठे? तुमच्याकडे आहे ना?” काका उठून उभे राहिले.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. पण आवाज असा आला, की मी तो आधी कधी ऐकला नव्हता. “गाडी थांबवा.”

“बाई, पुढच्या थांब्यावर...” कंडक्टर म्हणाला.

“पुढचा थांबा नाही. इथे. आत्ता!”

गाडी थांबली. बाबा सवयीने मला उचलायला वाकले. “अगं, बॅग...”

“खड्ड्यात गेली बॅग!” आई म्हणाली आणि स्वेटर मुठीत घेऊन उलट्या दिशेने धावत सुटली.

मला राग आला नाही. उलट आयुष्यात पहिल्यांदा तिचे हात मोकळे पाहिले, म्हणून बरं वाटलं.

पुढचं मला मधलीनेच नंतर, माझ्यावर बसून, पुन्हा पुन्हा सांगितलं. गर्दी ओसरली होती. ती खांबामागे तशीच उभी होती, गाठोड्यावर हात ठेवून. आई धापा टाकत आली, तेव्हा ती म्हणाली, “मी हलले नाही. सामान आहे सगळं.”

आईने तिला इतकं घट्ट धरलं, की गाठोडं तिथेच राहिलं. त्याची आठवणही कुणाला झाली नाही.

घरी परतल्यावर आईने मला उचललं आणि थेट शिंप्याकडे नेलं. “हिच्या लहान लहान पिशव्या करा. पाठीवर घ्यायच्या. ज्याची त्याला पेलेल अशा.” कात्री लागली तेव्हा दुखलं, खोटं कशाला बोलू? पण आईने मनाशी पक्कं ठरवलेलं दिसत होतं. त्यातली जी पिशवी मधलीच्या वाट्याला आली, तीच आताची मी.

पुढच्या प्रवासाच्या आधी घरात नुसतं रणकंदन! काका इस्त्री घेऊन आले. “परत ठेवा, भावजी,” आई म्हणाली. काकू चपलांचे जोड घेऊन आली. “पायातले एवढेच.” कपडे गडद रंगाचे, गुंडाळी करून ठेवलेले. रात्री धुवायचे, दोरीवर टाकायचे. साबण सगळ्यांत एक. थोरलीचा स्वेटर मधलीलाही होतो, मग दोन कशाला?

“लागलं तर?” बाबांनी मुद्दाम विचारलं.

“लागलं तर मागू कुणाकडे तरी,” आई म्हणाली. काढून ठेवलेलं तिने परत आत घातलं नाही.

आजी उशी कवटाळून उभी होती. “ही सामान नाही हो. ही म्हणजे मीच.”

“मग तुमची तुम्ही घ्या, आई,” आईने आजीला सांगितलं. आजीने घेतली, वाटभर मिरवली.

गाडीपाशी काकांनी तोंड उघडलं, “सगळे न...” आणि जीभ चावली. आईने एकेकाला हाक मारली. ‘आहे’ असं उत्तर आल्याशिवाय पुढची हाक नाही. मधलीला हाक मारायची गरज नव्हती. तिची बोटं आईच्या मुठीत होती आणि मी तिच्या पाठीवर.

आता मी खिळ्याला टांगलेली असते. कापड विटलंय, एक पट्टा उसवलाय. धुऊन टाका मला कधीतरी, टाकेही घाला. पण ते सावकाश झालं तरी चालेल. आधी एक करा. तुमच्याही घरी एखादं शहाणं, गप्प पोर असेल. ‘इथे उभं राहा’ म्हटलं की उभं राहणारं. मित्रांनो, ते आत्ता कुठे उभं आहे, जरा बघून येता का?