टाकी वर येईल तेव्हा

भिंतीला टेकवलेली फुंकणी घसरली आणि खणखणत जमिनीवर गडगडत गेली. दुपारची शांतता मोडली. झोळीतला बाळ्या दचकून उठला, आणि उठताच खोकू लागला.

मी त्याला उचलून अंगणात आणलं, उभा धरला. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता आणि आतून बारीक शिट्टी वाजत होती. दात यायचं वय त्याचं. इतर पोरं या वयात खिदळतात, हा दमून जायचा. माझी थोरली चंद्री पदर धरून मागोमाग आली.

"आई, याले पाणी देऊ?"

"नको माय. हवा लागू दे त्याले."

कारंजाच्या डॉक्टरांनी थंडीतच सांगितलं होतं. "औषध देतो, पण घरात धूर असला तर औषध काय करेल? पावसाळ्याच्या आत काहीतरी करा, बाई." आमचं घर म्हणजे एक मोठी खोली, चूल त्यातच. ऊन तापल्यावर मी चूल अंगणात मांडली. पण अंगणातली चूल मिरगापर्यंतच. पुढे ओल्या काड्या, दमट गोवऱ्या आणि बंद दार. माहेरी न्यावं तर तिथंही तोच धूर.

म्हणून माझा सगळा जीव गोठ्यामागच्या टाकीत अडकला होता.

नागपूरचं राज्य जाऊन मुंबईचं आलं, सरकारी विकास ब्लॉकची जीप गावोगाव धूळ उडवू लागली, तेव्हा आमच्या पंचायतीला एका गोबरग्यासची मदत मंजूर झाली. विहिरीसारखा गोल हौद बांधायचा, त्यात पाण्यात कालवलेलं शेण भरायचं, वर लोखंडी टाकी उपडी ठेवायची. आत ग्यास साचला की टाकी आपोआप वर उचलली जाते आणि नळीतून तो ग्यास घरात येतो. जाळ निळा. धूर नाही. अर्धी मदत बांधकामाला मिळाली. उरलेली ब्लॉकच्या साहेबांनी जाळ डोळ्यांनी पाहिल्यावर. मार्च संपायच्या आत जाळ दिसला नाही तर टाकी ब्लॉकची, ती दुसऱ्या गावाला जाणार.

ती कोणाच्या घरी बसवायची यावर पंचायतीत बरीच वादावादी झाली. शेवटी सरपंच उकंडराव म्हणाले, "जानरावच्या घरी पोट्टं आजारी हाय, तिथंच होऊ द्या. माह्या घरी खोकलणारा मी एकटा, अन् मी बिडीनं खोकलतो." जानराव म्हणजे आमच्या घरचेच, बाळ्याचे वडील. त्या दिवशी पंचायतीतून आले ते पाय न धुताच झोळीपाशी बसले.

हौद माघातच भरायचा होता. पण होळी जवळ आली की आमच्या गावात शेण कोणाच्या हातचं सुटत नाही. पोरं चाकोल्या थापतात, मधे भोकं पाडून त्यांच्या माळा ओवतात, होळीत टाकायला. बायांना पावसाळ्याच्या गोवऱ्यांची घाई. मागायला गेलं की म्हणत, "होळी जाऊ दे वं." होळी गेली, मग हौद भरला.

भरला आणि ऊनही तापलं. एका सकाळी पाहते तर टाकी वीतभर वर आलेली. मी हात लावून पाहिला. लोखंड कोमट होतं, जनावराच्या पोटासारखं. शेजारच्या गोमतीबाई कुंपणावरून म्हणाल्या, "रंगू, तुह्या टाकीले दिवस गेले म्हणतात. बाळंत कधी होते?"

"महिने तर भरू द्या, वहिनी."

"अन् त्या ग्यासवरच्या भाकरीनं ढेकर कायचा येईन?"

"खाऊन पाहा, मंग सांगा."

किती दिवसांनी हसले होते मी.

पण त्यानंतर टाकी वर चढेना. उलट बसत चालली. वितेची चार बोटं झाली, चार बोटांची दोन. साहेब यायला जेमतेम आठवडा उरला होता. मी पहाटे चूल पेटवायच्या आधी टाकी पाहायची, बाळ्याला पाजून झालं की पाहायची, गोठ्यात वाकले की पाहायची. आमच्या घरचे म्हणाले, "तू पाहून राह्यली म्हणून ते लाजते." बोलले हसून, पण रात्री जेवले नाहीत.

शेवटी ग्रामसेवक दौलतसिंगांना निरोप धाडला. ते सायकलवरून आले, हौदाच्या शेण ओतायच्या तोंडात काठी फिरवली, आणि काठीला अडकलेलं वर काढलं. काळा पडलेला निंबाचा पाला. पुन्हा घातली, पुन्हा पाला. त्यात चुन्याच्या पांढऱ्या गुठळ्या.

"हे कोणं टाकलं?"

मग ओट्यावर बाळ्याला मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "म्या."

"काहून, माय?"

"अळ्या झाल्या होत्या त्याच्यात. पांढऱ्या, वळवळत्या. कणगीत जवारी भरतो तवा पाला घालतो का नाई आमी? किडा लागू नये म्हणून? म्हटलं, या लेकराच्या चुलीत किड्याचा ग्यास नको. म्हणून रोज टाकत गेली, पाला अन् चुन्याचं पाणी."

दौलतसिंग हौदाच्या काठावर खालीच बसले. "माय, शेणातले बारके जीवच ग्यास करतात. डोळ्याले दिसत नाईत ते. तुमी त्याइलेच मारलं."

सासूबाईंनी बाळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला ओरडावंसं वाटलं. पण त्यांचे हात मी पाहिले. चुन्यानं बोटांची साल निघाली होती. रोज भर उन्हात त्या माउलीनं निंब ओरबाडला होता, माझ्याच लेकरासाठी.

"आत्याबाई, तुमी आत जा, ऊन लागते त्याले," एवढंच मी म्हणाले.

दौलतसिंग म्हणाले, वरचं जमेल तेवढं काढा, ताजं शेण भरा, दुसरा उपाय नाही. आमच्या घरच्यांनी बादल्यांनी वरचा थर उपसला. मी टोपलं घेऊन दारोदार निघाले. असं मागताना माणूस किती लहान होतं ते मला तेव्हा कळलं. काहींनी दिलं, काहींनी गोठ्याचं दार ओढून घेतलं. गोमतीबाईंनी गोवऱ्यांसाठी कालवलेला अख्खा ढीग दाखवला. "ने."

"वहिनी, तुमच्या पावसाळ्याचं काय?"

"मले नको शिकवू. उचल."

मी हातांनी शेण कालवत होते आणि मनात एकच चाललं होतं: जगा रे बाबांनो, तुम्ही जे कोणी आत असाल ते, जगा. आठवडाभर. माझ्यासाठी नाही.

टाकी दोन बोटांवरच राहिली.

साहेब आले ते दुपारी, जीपमधून, उकंडराव आणि दौलतसिंगांसोबत. माणूस वाईट नव्हता. बाळ्याच्या गालाला बोट लावून त्यांनी नाव विचारलं. पाहुण्यांना चहा हवा, म्हणून मला चूल पेटवावी लागली. धूर वाऱ्यानं थेट ओट्यावर गेला आणि झोळीतून खोकला सुरू झाला. साहेबांनी कप हातात धरला, पण तोंडाला लावला नाही.

मग घरात आलेल्या नळीची तोटी दौलतसिंगांनी उघडली. फुस्स झालं. काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. तिसऱ्या काडीला तोंडाशी निळं काहीतरी लुकलुकलं, पाखरानं डोळा उघडून मिटावा तसं. मग नुसता वास उरला.

"पाहिला ना साहेब? निळा होता," आमच्या घरचे म्हणाले.

"पाहिला. पण जानराव, एवढ्यावर कप पाणीही तापायचं नाही. मी काय लिहू?"

परक्या माणसासमोर मी कधी बोलले नव्हते. डोक्यावरचा पदर दातात धरला आणि बोलले. "साहेब, महिनाभर थांबा. शेण नवं भरलं हाय. हे येईन वर. ह्या लेकराले पावसाळा काढाचा हाय."

ते माझ्याकडं न पाहता म्हणाले, "बाई, महिना मला कोण देतं? मार्च संपला की पैसा परत जातो. धनजच्या पंचायतीनं हौद भरून ठेवलाय, शेण आंबून तयार आहे. टाकी त्यांना दिली तर निदान पैसा वाचतो. पुढच्या वर्षी तुमचं नाव पुन्हा घालू."

"पुढच्या वर्षी," सासूबाई दारातून म्हणाल्या.

उकंडरावांनी खिशातली बिडी काढली आणि न पेटवताच परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी धनजची बैलबंडी आली. चार गड्यांनी टाकी हौदावरून उचलली तेव्हा खालून शेणाचे बुडबुडे आले, एकामागून एक, बराच वेळ. ग्यास व्हायला लागला होता. दौलतसिंगांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली. आमच्या घरचे गड्यांसोबत टाकी बंडीला बांधू लागले, आपल्याच कासऱ्यानं, सैल राहू नये म्हणून.

बंडी निघाली. मी बाळ्याला खांद्यावर घेऊन कुंपणाशी उभी होते. त्याचा श्वास माझ्या मानेवर शिट्टी वाजवत होता. चंद्री बंडीकडं पाहत राहिली, ती वळणाला जाईपर्यंत. मग तिनं माझा पदर ओढला.

"आई, धनजले बी कोणाचं बाळ खोकलते काय?"