यंदाचा शनी

"काय दिसलं ते कानात सांगा. मोठ्यानं बोललासा तर मागच्यांची मजा जातीया," स्वरूपा रांगेतल्या लोकांना बजावत होती.

त्या आवाजाच्या रोखानं अंबाजी पुढं सरकला. विद्यापीठाच्या गच्चीवर दुर्बिणीतून शनी दाखवत होते आणि दाखवणारी त्याचीच लेक होती. सीमाभागातल्या वडगावात, यंत्रमागाच्या खडखडाटात अभ्यास करून वाढलेली पोर ताऱ्यांवर संशोधन करून डॉक्टर झाली होती. पुढच्या आठवड्यात जर्मनीला निघणार होती. जायच्या आधी एकदा तरी बघून जा म्हणून तिनं धोशा लावला होता.

अंबाजीला यायचं नव्हतं. साखरेनं त्याच्या डोळ्यांचे पडदे गेले होते. उजेड कळायचा, समोर माणूस आहे एवढं कळायचं, बाकी सगळं धुकं. डॉक्टरांनी हात टेकले होते. तुटलेला धागा सापडेना तेव्हा त्यानं माग विकले आणि धंदा बसला म्हणून सांगितलं. बायको कधीच गेली होती. घरातला कोपरान् कोपरा पाठ, त्यामुळं होस्टेलवरून रविवारी येणाऱ्या लेकीला काही उमगलं नव्हतं. कळलं असतं तर तिनं जर्मनीला जाणं सोडलं असतं.

"ये आप्पा. डोळा हितं लाव."

त्यानं डोळा लावला. काळोख. पण सातवीत असताना तिनं मागापाशी येऊन पुस्तकातलं चित्र दाखवलं होतं, ते त्याच्या चांगलं ध्यानात होतं. तो तिच्या कानाशी वाकला.

"दिसलं की गं. गोळ्याभोवती रुंद कडं. लई झ्याक."

तिनं त्याचा हात धरला, सोडेचना. भरून आलं असेल पोरीला, असं वाटून तो समाधानानं बाजूला झाला.

मागची बाई दुर्बिणीशी वाकली आणि कानात सांगायचं विसरली. "अगं बाई, कडं कुठं हाय? नुसती रेघच की."

"यंदा कड्याची कड आपल्याकडं आलीया, मावशी." स्वरूपाचा आवाज बारीक झाला होता. "म्हणून रेघ दिसतीया. रुंद कडं यंदा कुणालाच दिसत न्हाय."

अंबाजीनं गच्चीचा कठडा घट्ट धरला. शेवटचा माणूस बघून जाईपर्यंत ती दाखवत राहिली, मराठीत, कन्नडमध्ये.

बसथांब्यावर ती म्हणाली, "कधीपासनं?"

"झालं की वरीस."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ऱ्हायली असतीस."

"आता ऱ्हातेच."

"मग म्या वरीसभर झाकून ठेवलं ते कशापायी?"

ती रडत होती, त्याला ऐकू येत होतं. त्यानं चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"जातीस न्हवं?"

नाक ओढत ती म्हणाली, "जाते." मग म्हणाली, "घरापतोर येते तुझ्यासंगट."

"नको. इचारत इचारत एकटा आलतो, एकटा जातो. तुला बघू दे, मला जमतंय का न्हाय."

गाडीचे दिवे जवळ आले. "मच्छे," पाटी वाचून ती स्वतःशीच बोलल्यासारखं पुटपुटली. ती गाडी गेली. दुसरी आली, "पिरनवाडी." तिसरीला ती म्हणाली, "वडगाव."

अंबाजीनं हात पुढं केला. दांडी पहिल्यांदा हुकली, मग सापडली. तो चढला, चाचपत खिडकीजवळ बसला. गाडी हलली. बाहेर एक अंधुक आकार उभा होता. तो तिचाच असेल असं समजून त्यानं हात हलवला.