चकचकीत बाजू

चकतीच्या चकचकीत बाजूवर, मधल्या भोकापासून बोटभर अंतरावर, तो तांबूस डाग अजून होताच. अस्मिताने सीडी खिडकीकडे धरली तेव्हा डागाभोवतीचे बारीक ओरखडेही दिसले, आणि ते आपणच पाडलेत, भांडी घासायच्या काथ्याने, हे आठवून तिला हसू आलं.

डाग आईचा. अस्मिताला कंपनीने दुभाषी म्हणून जपानात नागोयाला पाठवलं होतं तेव्हा तिथे स्टेशनबाहेर चार पोरं गात होती. बँडचं नाव ‘सुना तो शिओ’, वाळू आणि मीठ. आणि ही त्यांची पहिलीच सीडी, एकच गाणं असलेली... परदेशात स्वतःसाठी घेतलेली पहिली वस्तू. पुण्यात परतली तर दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आईने पाटावर विळी, कात्री, स्कूटरची किल्ली मांडली, शेजारी ही चकती, आणि चकचकीत बाजू म्हणजेच तोंड असं धरून, नीट उताणी ठेवून, तिथेच ओलं हळदकुंकू लावलं. तेव्हापासून गाणं तिथे उडी मारतं. पोरीची हौसेची वस्तू नासली माझ्या हातून, असं आई बिचारी पुढे कितीतरी दिवस देवापाशी पुटपुटत असे.

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या या घरात ते उडणारं गाणं ऐकतच तिची लेक चिन्मयी मोठी झाली. बँड केव्हाच मोडला, गाणं दुसरीकडे कुठे मिळेना — मिळालं ते काल. कोणीतरी नेटवर टाकलेलं. सिडनीहून येताना ट्रेनमध्ये अस्मिताने ते कानाला लावलं, आणि उडीच्या जागी उडी आलीच नाही. गिटार थांबली, गाणारा मुलगा जवळजवळ बोलल्यासारखा म्हणाला की समुद्र दिसेपर्यंत कोणी काही बोलू नका... आणि मग कितीतरी वेळ तसंच हळू, एक अख्खं कडवं! बाहेर समुद्र आला नि गेला. इतकी वर्षं राहत्या घरातली एक खोली आपण उघडलीच नव्हती, असं काहीसं तिला वाटलं.

आणि आज दुपारी युनिव्हर्सिटीच्या लॉनवर चिन्मयीचा बँड ते गाणं वाजवणार, उडीसकट. सांगायला हवं... समोरच्याचा एक शब्द गाळला गेला तरी जिला जेवण गोड लागत नसे, तिच्या घरात कडवंच्या कडवं गायब, आणि तिचं कालपासून तोंड उघडत नव्हतं. सांगितलं तर पोरीचं गाणं ऐन वेळी चुकीचं ठरतं, नाही सांगितलं तर — तर मी कसली दुभाषी?

“मम्मा, होल्ड धिस!” तालीम चालली होती त्या गॅरेजच्या दारातूनच चिन्मयीने फोन तिच्या हातात कोंबला. पडद्यावर पुण्याची सकाळ, आणि आई. “आजी, ऐक हां, बेस्ट बिट इज द जंप! लीना म्हणते, इट्स जीनियस, मेट.”

ड्रमवरच्या लीनाने काड्या हलवल्या आणि गाणं सुरू झालं. अस्मिताचा जीव त्या जागेकडे ओढत गेला — आता... दोन ठोके, आणि पोरी एकदम पलीकडे! तिचा पायही, कोणी न सांगता, त्यांच्याबरोबर.

“अस्मे,” फोनमधून आई हळूच म्हणाली, “तिथे अजून उडतंच का गं ते? काही राहिलं का?”

उत्तर जिभेवर तयार होतं. थांबलेली गिटार, समुद्र, सगळं. आईने फोन इतका जवळ धरला होता की नुसतं कपाळ दिसत होतं, आणि त्यावरचं कुंकू.

“नाही गं,” अस्मिता म्हणाली. “ते गाणंच तसं आहे.”

“असं होय...” आई म्हणाली, आणि कपाळ मागे सरून तिचा सगळा चेहरा दिसू लागला.

आपण खोटं बोललो की काय, हे अस्मिता चाचपत राहिली. पोरींनी गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. चिन्मयीला सांगायचं होतंच, लॉनवर जाण्याआधी, किंवा नंतर... पण ती जागा जवळ येऊ लागली तशी तिला आतून उडीच हवी झाली, कालचं ते सुंदर कडवं माहीत असूनही. तिला फार बरं वाटत होतं, आणि त्याचा अर्थ तिने तूर्त कोणालाच, स्वतःलासुद्धा, समजावून सांगितला नाही.