मान हलवेपर्यंत

म्हापशाच्या कार्यक्रमात शिवदासचे हात थिजले, तेव्हा गोकुळदासने त्याला वाचवलं होतं. तिघांचा जाझ फ्यूजनचा संच: मिनीनची गिटार, गोकुळदासचे ड्रम्स, शिवदासची चार तारांची बेस गिटार. बेसने एकट्याने वाजवायची वेळ आली, बाकी दोघे थांबले, आणि तुयेच्या कारखान्यात दिवसभर न चुकता मशीन चालवणारी बोटं तारांवर मेल्यासारखी पडून राहिली. गोकुळदासने घाईघाईने ड्रम्स बडवून ते झाकलं. लोकांना कळलंही नाही. शिवदासला कळलं, तेवढं पुरलं.

मग महिनाभर घरी सराव. अँप्लिफायर मिनीनकडे, म्हणून बेसचं टोक लाकडी कपाटाला टेकवून वाजवायचा. कपाट घुमायचं आणि सूर ऐकू यायचे. त्याच्या बायकोला, विमलाला, सगळा सोलो पाठ झाला. आतल्या साड्यांनाही झाला असावा.

आज गोव्याच्या घटकराज्य दिनाची संध्याकाळ, साखळीच्या शाळेचं मैदान. तिसऱ्यांदा लघवीला जाऊन आलेल्या शिवदासने स्टेजमागे गोकुळदासला बजावलं, "आज मधी येव नको. मी मान हलवीपर्यंत काठी उचलू नको."

"आणि तू आडवो पडलंस तर?"

"तर पडान रवतलंय."

"बरां. माका तेवडोच आराम."

विमला पाणी घेऊन आली. "तुमी भितास कित्याक? हयसर कोणाक कळता? गिटारीच्यो दोन तारो तुटल्यो म्हणतले."

तो हसायला गेला, पण ओठ दातांना चिकटले.

स्टेजवर मिनीनचा शेवटचा सूर विरला. गोकुळदासने काठ्या मांडीवर ठेवल्या. खरंच ठेवल्या, मेल्याने! मैदानात कोणीतरी खाज्याची पुडी सोडत होता, तेवढाच आवाज. शिवदासने पहिला सूर छेडला आणि तो चुकला. पळायला जागा नव्हती, म्हणून त्याने तोच चुकीचा सूर पुन्हा वाजवला, जणू तोच हवा होता. पुन्हा एकदा. मग बोट घसरत खऱ्या सुरावर गेलं आणि पुढच्या रांगेतून "हां" आलं.

बोटं चालू लागली. घरी बसवलेलं कुठल्याकुठे गेलं, तरी चालत राहिली. ठरलेली सोळा आवर्तनं झाली. आता नुसती मान हलवायची. ती हलेना. हातांतली भीती मानेत जाऊन बसली होती. गोकुळदास इमानाने बघत बसलेला. मिनीन घड्याळ दाखवू लागला. आपण थांबलो तर ती म्हापशाची शांतता पुन्हा येईल, या धाकाने शिवदास वाजवतच सुटला. वीस. चोवीस. घाम डोळ्यांत उतरला.

"ये रे, मेल्या!" तो अखेर ओरडला.

मैदान हसलं. गोकुळदासही हसला, आणि त्या नादात एक मात्रा उशिरा आला. ती मोकळी मात्रा शिवदासने बोटांनी भरली आणि गोकुळदासला आत घेतलं.