साहेबापुरतं पाणी

मी विणकर गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला नळ. ओतीव लोखंडाचा, कमरेएवढा, पितळी तोटीचा. निपाणीच्या बाजूला असलेल्या आमच्या गावाचं नाव सांगणार नाही. तेवढा मान त्यानं मिळवलेला नाही.

१९२६ साली मी मुंबईच्या एका ओतशाळेत जन्मलो. आगगाडीनं चिकोडी रोड स्टेशनात उतरलो आणि बैलगाडीनं इथं आलो. वाटेत वाटत होतं, आपल्या तोंडून आता एका गावाची तहान भागणार. नवं लोखंड भोळं असतं.

म्युनिसिपालटीनं पाण्यासाठी सरकारकडून कर्ज काढलं होतं. गरीब गल्ल्यांत नळ चालू झालेले बघूनच दुसरा हप्ता मिळणार होता. कर्ज फेडायला घरोघर पाणीपट्टी बसली आणि नाक्यावर सुताची जकात वाढली. म्हणजे विणकरानं सूत आणतानाही भरायचं आणि तहान लागली तरी भरायचं. वखारवाल्यांच्या तंबाखूची जकात मात्र होती तिथंच राहिली, कारण कमिटीवर वखारवालेच होते.

पहिल्या हप्त्यात पाईप प्रेसिडेंट तम्मण्णांच्या वखारीपर्यंत आला, मग त्यांच्या केळीच्या बागेत शिरला आणि तिथंच थांबला. आमची गल्ली पुढं दोनशे पावलांवर होती. मला नुसतंच मातीत रोवलं. चार वर्षं माझ्या तोटीत कोळी राहत होता. लोक माझ्यावर धोतरं वाळत घालायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं.

समोर अंबुबाई राहायची. नवरा गेलेला, एकटी माग चालवायची आणि ओढ्याकाठच्या विहिरीवरून पाणी आणायची. तिनं पट्टी भरली नाही. "पानी दावा, पट्टी न्या," म्हणाली.

मष्णू शिपाई जप्ती घेऊन आला आणि तिची तांब्याची घागर उचलली.

"माजा हुकूम न्हाय आक्का, वरचा हाय," तो मान खाली घालून म्हणाला.

"व्हय रं, वर लई जण हाईत. खाली मी एकटीच."

घागरीचा लिलाव झाला. कमिटीतल्याच एकानं ती मातीमोलानं घेतली.

मग दुसऱ्या हप्त्याआधी सरकारचा साहेब तपासणीला येणार अशी बातमी आली. तम्मण्णांनी पाईप घातला नाही. माझ्यामागच्या भिंतीआड उंचावर एक पिंप चढवलं, त्यातून माझ्यापर्यंत नळी पुरली आणि पिंपावर नजर ठेवायला मष्णूला तिथं दडवून बसवलं. तम्मण्णांनी माझी तोटी एकदा सोडायची, साहेबानं मान डोलवली की बंद करायची. एवढ्या मोठ्या माणसांची अक्कल एवढीशीच!

सकाळी साहेब आला. जरीचा फेटा बांधलेल्या तम्मण्णांनी मला उघडलं. माझ्या तोंडून पहिल्यांदा पाणी आलं, आणि तेही खोटं. मला माझीच शिसारी आली.

साहेब खूश होऊन वळला, तेवढ्यात अंबुबाईनं मातीची घागर माझ्याखाली लावली.

"साहेब, वाईच थांबा. पयल्यांदाच पानी आलंय, तुमच्या म्होरं भरू द्या."

साहेबाला गंमत वाटली. तो थांबला. तिची घागर भरली. शेजारच्या गुणाबाईनं आपली लावली. मग तिसरी आली, चौथी आली. बायांची रांग लागली. भिंतीआडचं पाणी तिनं पहाटेच बघितलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

तम्मण्णांना घाम फुटला. "बास की गं आता! पानी वाया घालवू नगासा."

"पट्टीपायी माजी तांब्याची घागर न्हेलासा आप्पा. तिच्यात मावंल एवडं तरी सोडा."

पाचव्या घागरीत मी गुरगुरलो, थुंकलो आणि थांबलो. भिंतीआडून मष्णूचा आवाज आला, "आप्पा, पिंप संपलं! आता काय करू वो?"

बाया हसल्या नाहीत. त्या साहेबाकडं बघत राहिल्या. साहेब भिंतीमागं गेला, बघून आला. पाणी येईपर्यंत हप्ता नाही, एवढंच बोलला आणि निघून गेला.

चार वर्षांत न झालेलं काम वीस दिवसांत झालं. माझ्या डोक्यावर संगमरवरी पाटी लागली: 'तम्मण्णांच्या औदार्यानं'. त्यांनी मला हार घातला, भाषण केलं. अंबुबाई तेव्हा घरात माग चालवत होती. तिला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी ती गेली नसती.

आता १९४७ साल आहे. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. कर्ज केव्हाच फिटलं, सुताची जकात कमी झाली नाही. माझी तोटी झिजली आहे, थेंबथेंब गळते. गेल्या आठवड्यात नव्या टोप्या घातलेले नवे मेंबर आले आणि माझ्याशेजारी उभे राहून नव्या योजनेचं, नव्या पट्टीचं बोलू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाबांनो, टाळ्या कसल्या वाजवता? घरी जा, घागरी घेऊन या. एक न्हवं, पाच आणा.