चिठ्ठीवरची किंमत

जुनी बंदूक विकत घ्यायची तर बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, रविवारी दोननंतर जावं. तोवर विकणाऱ्यांचे पाय भरून आलेले असतात आणि उरलेला माल परत गाडीत भरायच्या नुसत्या कल्पनेनं त्यांना नको नको होतं. हे मला बाबांनी शिकवलं. म्हणून मी आणि बाबा अडीचला पोचलो, तेव्हा आइस हॉकीच्या त्या हॉलमधली अर्धी टेबलं आवरायला लागली होती. पाय माझेही भरून आले होते. सबंध हिवाळा काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ लोटण्यात गेला होता, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला रविवारी दुपारी झोपावंसं वाटतं.

पण जाणं भाग होतं. दोन वर्षांपूर्वी बाबा म्हाताऱ्यांच्या वसाहतीत राहायला गेले. तिथं बंदूक ठेवता येत नाही. घर मी रिकामं केलं आणि त्यांची हरणाच्या शिकारीची जुनी तीस-तीस बोअरची रायफल अंगणातल्या विक्रीत, मासेमारीच्या पेट्यांबरोबर, नव्वद डॉलरला काढून टाकली. त्यांना विचारलं नाही. नंतर त्यांनीच एकदा विचारलं, "ती कुठंय?" मी सांगितलं. तेव्हापासून ते माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलतात. आणि मिशिगनच्या या वरच्या टोकाला हवामान म्हणजे तरी काय, बर्फ पडला किंवा पडणार आहे. दोन वर्षं हे ऐकून मी कंटाळलो होतो. म्हातारा पुन्हा माझ्याशी धड बोलावा, एवढंच मला हवं होतं.

शनिवारी चुलतभाऊ एइनोचा फोन आला, की तुझ्या बापाची रायफल इथं प्रदर्शनात एका टेबलावर पडलीय, चिठ्ठीवर तीनशे सत्तर लिहिलेत.

ट्रकमध्येच मी बाबांना बजावलं, "आत गेल्यावर ओळख दाखवायची नाही. आपली होती हे कळलं, तर विकणारा एक सेंट सोडणार नाही."

"आता तू मला शिकवणार?" बाबा म्हणाले. हवामान सोडून दोन वर्षांतलं पहिलं वाक्य. मला बरं वाटलं.

टेबलामागे एक जाडसर माणूस बसून मांसाचं सारण भरलेली पॅस्टी खात होता. छातीवरच्या बिल्ल्यावर डेलबर्ट असं नाव होतं. मी आधी शेजारची शॉटगन उचलली, खालीवर करून ठेवून दिली. मग तोंड वाकडं करून विचारलं, "आणि हे काय?"

"तीस-तीस. घे की हातात, बघायला पैसे पडत नाहीत."

गोळी चढवायच्या लिव्हरला प्रदर्शनाच्या नियमाप्रमाणे नायलॉनची पट्टी आवळलेली होती. वजन हाताला लगेच ओळखीचं लागलं, चेहरा मात्र मी आंबटच ठेवला. बाबा शेजारी टोपी हातात घेऊन उभे होते.

"ही बाजूची भोकं? नेम धरायची चकती बसवायला पाडलेली दिसतात. वाकडी आहेत."

"त्यातून गोळी जात नाही रे. जाते ती पुढून."

"हौशी माणूस हिला हात लावणार नाही. आणि दस्ता बघ. आधी कापलाय, मग मागून मेपलचा तुकडा डकवलाय. हे सुताराचं काम नाही, खाटकाचं आहे."

"तीनशे चाळीस."

"नळीचा रंग बघितलास? कुणीतरी घरच्या शेगडीवर तापवून काळी केलीय, सगळे डाग पडलेत. ज्याची होती त्याच्या हातात कुणी पान्हासुद्धा द्यायला नको होता."

डेलबर्ट हसला. "अरे, मेलाही असेल तो. कशाला त्याला शिव्या घालतोस? तीनशे."

"दोनशे."

"दोनशेला तुला नुसती ही चिठ्ठी देतो. दोरी फुकट."

असं चालत राहिलं. दमलेल्या माणसाचा सौद्यात एक फायदा असतो. वस्तू नाही मिळाली तरी चालेल, असं त्याच्या तोंडावर आपोआप दिसतं. डेलबर्ट दोनशे साठवर आला आणि त्यानं हात पुढे केला. मी हात देणार तोच बाबा म्हणाले, "नको."

"काय?"

"नको मला. चल." त्यांनी टोपी घातली आणि चालू लागले.

मी मनातल्या मनात म्हाताऱ्याला सलाम ठोकला. समोरच्याचा हात पुढे आला की पाठ फिरवायची, ही त्यांची जुनी खेळी. डेलबर्टनं कपाळाला हात लावला. "म्हातारा चांगलाच मुरलेला दिसतोय. बरं, दोनशे पंचवीस. दहा मिनिटं थांबतो, मग गाडीत भरतो."

बाबा ट्रकमध्ये पट्टा लावून बसले होते.

"जमलं," मी म्हणालो. "दोनशे पंचवीसवर आला. पाच मिनिटं बसू, मग जाऊन आणतो."

"मी सौदा करत नव्हतो."

मी आत बसून दार ओढून घेतलं.

"भोकं वाकडी आहेत," ते म्हणाले. "हातानं पाडली मी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तुझ्या आईला नळीवरच्या साध्या खाचेतून नेम दिसत नव्हता. दस्ता कापला तोही तिच्यासाठी. मागचा तुकडा लावला तो तुझ्यासाठी, तुझे हात लांब झाले तेव्हा."

"माहितीय मला. बाबा, भाव पाडायला बोलत होतो मी. तुम्हीच शिकवलंत."

"मी दोष शोधायला शिकवलं. तुला एकही शोधावा लागला नाही. सगळे पाठ होते."

ते खरं होतं. शिकारीच्या कॅम्पवर इतर पोरांकडे दुर्बिणी लावलेल्या नव्या रायफली असायच्या, आणि मी आमची ती ठिगळं लावलेली बंदूक भोकांची बाजू भिंतीकडे करून ठेवायचो. चौदाव्या वर्षापासून तिचा एकेक दोष मी मनात साठवला होता. नव्वद डॉलरला विकली ती काही घाईत नव्हे, मला ती नजरेसमोर नको होती. हे मला त्या ट्रकमध्ये बसून कळलं. बाबांना बहुतेक दोन वर्षांपूर्वीच कळलं असावं. मला स्वतःची लाज वाटली.

"आणू का नको?" शेवटी मी विचारलं.

त्यांनी बाहीनं समोरची काच पुसली आणि बाहेरच्या बर्फाच्या ढिगाकडे बघितलं.

"आण," ते म्हणाले. "चिठ्ठीवर आहेत तेवढे दे."

मी परत आत गेलो. डेलबर्ट खोकी बांधत होता. तीनशे सत्तर डॉलर टेबलावर ठेवले, तर त्यानं ते दोनदा मोजले.

"दोनशे पंचवीस म्हणालो होतो मी. डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"असू दे."

"आणि मघाचे ते सगळे दोष?"

"बंदूक चांगली आहे," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून उभ्या जन्मात पहिल्यांदा निघत होतं, आणि ते ऐकायला समोर फक्त डेलबर्ट होता.